आम्ही चौघी आणि बिनबाहीचं ब्लाउज

आमच्या चौघींच्या शिवणकामात कपड्यांपेक्षा कात्रणं जास्त निघतात आणि कात्रणांपेक्षा किस्से जास्त. कात्रणं निदान उशीत कोंबता येतात. किस्से कुठे कोंबणार? कुणाच्या लग्नाला जावं तर जेवणाच्या रांगेत एखादी अनोळखी बाई विचारते, "तुम्हीच का वं त्या, घरी ब्लाउज शिवणाऱ्या?" असं दबक्या आवाजात विचारते, जणू आम्ही घरी दारू गाळतो!

मग सांगावंच लागतं. आणि मी सांगायला बसले की लवकर उठत नाही, हे माझ्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

चौघी म्हणजे मी, कुसुमताई, रजनी आणि वनिता. नागपुरात, मानेवाड्याकडच्या एका कॉलनीत, एकाच गल्लीत राहतो. मी सरकारी कार्यालयात क्लार्क आहे. वनिता त्याच कार्यालयात, माझ्या शेजारच्या टेबलावर. कुसुमताई शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या, शिकवणं मात्र सुटलेलं नाही. रजनी स्वतःचं घर सांभाळते आणि आम्हा तिघींची भांडणंही. मशीन माझ्याकडे आहे, म्हणून रविवारची दुपार माझ्या हॉलमध्ये.

आणि ब्लाउज म्हटलं की साडीखालचं ते हुकांचं, श्वास कोंडणारं डोळ्यांसमोर आणू नका. हे ढगळ असतं, पातळ सुती कापडाचं, डोक्यातून घालायचं. पँटवर चालतं, स्कर्टवर चालतं, हिंमत असेल तर साडीवरही चालतं. त्याचा पॅटर्न मिळतो, म्हणजे पुढचा भाग, पाठ, बाही, गळ्याची पट्टी असे कागदाचे तुकडे. कागद कापडावर ठेवा, कापा, जोडा. ऐकायला एवढं सोपं आहे की आमच्या घरच्या सगळ्या पुरुषांना ते येतं.

*

सुरुवात टेलरमुळे झाली. आमचा चौघींचा टेलर एकच होता. तुम्ही काहीही सांगा, त्याला जे शोभेल असं वाटायचं तेच तो शिवायचा. एका उन्हाळ्यात कुसुमताईंनी गळा थोडा मोठा सांगितला. त्यानं माप न घेताच मान हलवली.

"मॅडम, तुमच्या वयात हा गळा शोभून नाही राहत."

कुसुमताईंनी चष्मा वर केला. "बाबू, मी तुले गळ्याचं माप दिलं. वयाचं दिलं का?"

गळा मिळाला. पण पुढच्याच आठवड्यात वनिताचे कपडे आणायला आम्ही चौघी गेलो, तेव्हा दुकान बायकांनी भरलेलं होतं. त्यानं आतल्या कारागिराला ओरडून सांगितलं, "अरे, त्या कोडवाल्या मॅडमचं काढ. पूर्ण बाहीवालं."

वनिताच्या दोन्ही हातांवर कोड आहे, खांद्यापासून मनगटापर्यंत पांढरे डाग. तिची मुलगी शीतल झाली त्यानंतर ते आले आणि तेव्हापासून ती पूर्ण बाही घालते. ऑफिसात, घरात, लग्नात, भर मे महिन्यात. आम्हाला माहीत होतं, पण आम्ही त्यावर बोलत नव्हतो. दुकानातल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. वनितानं पर्स उघडली आणि काहीतरी शोधत असल्यासारखी त्यात बघत राहिली.

मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. माझं डोकं असं तापलं होतं की मी चपला उलट्या घातल्या. कुसुमताई परत आत गेल्या. आम्हाला वाटलं, भांडतील. त्या आमची चौघींची न शिवलेली कापडं पोटाशी धरून बाहेर आल्या.

"हे आता आपणच शिवू."

रजनी घाबरली. "पण ताई, आपल्याले येते का?"

"त्याले तरी कुठं येते?"

*

पॅटर्न माझ्या भाचीनं इंटरनेटवरून काढून दिला. मोबाइलवर फाइल, भरपूर पानं. पानं छापायची, कडेला कडा जुळवून चिकटवायची आणि मग त्यावरच्या रेघांवरून कापायचं. पहिल्याच पानावर एक छोटा चौकोन होता आणि तो पट्टीनं मोजून बघा असं लिहिलेलं होतं. तो मोजायचं काम कुसुमताईंकडे दिलं होतं, कारण त्या गणिताच्या.

मी फाइल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाठवली. गठ्ठा आणला. रविवारी आम्ही चौघी जमिनीवर बसून पानं चिकटवत होतो, तेव्हा रजनी म्हणाली, "काहो ताई, हे लहान नाही वाटून राहिलं?"

"विदेशी माप असते ते," कुसुमताई म्हणाल्या. "कव्हरवरची पोरगी पाह्य ना, कशी अगरबत्तीवानी आहे."

आम्हाला पटलं. आम्ही कापलं, शिवलं, गळ्याची पट्टी उलटी लावली, उसवून सुलटी लावली. तीन रविवार गेले. शेवटी रजनीनं ते डोक्यातून घातलं आणि ते तिच्या कानांवरच अडकलं. आत अंधारात ती हात वर करून उभी, आणि आम्ही तिघी बाहेरून ओढतोय.

मी तशीच झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो खूश होता. "मॅडम, तुमची पानं बहुत होती. मी एका कागदावर दोन दोन बसवली. कागद वाचवला तुमचा."

परत येऊन मी कुसुमताईंना विचारलं, चौकोन मोजला होता का? त्यांनी पट्टी घेऊन तो आता मोजला. मग म्हणाल्या, "अशा चुकीसाठी मी पोरांना वर्गाबाहेर उभं करत होती." आणि खरंच उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. चहा आम्ही तिकडेच नेऊन दिला.

ते पहिलं ब्लाउज त्यांच्या नातीला बरोबर बसलं. ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये घालून नाचली. हरलो असं आम्ही अजूनही मानत नाही, माप चुकलं होतं एवढंच.

*

नागपुरात मलमल कापायची म्हणजे एक वेगळीच परीक्षा आहे. कापड एवढं पातळ की फुंकर मारली तरी सरकतं, त्यावर कागद, आणि खिडकीत दारासारखा मोठा कूलर. कूलर सुरू केला की पुढचा भाग सोफ्याखाली, पाठ देवघरात, बाही गॅलरीतून शेजारी. तेव्हा आमच्याकडे नियम झाला, की कापताना कूलर बंद, पंखाही बंद.

मे महिन्याची दुपार. दारं-खिडक्या लावलेल्या. कापडाच्या चारी बाजूंना आम्ही चौघी गुडघ्यांवर बसलेल्या, आणि कागद हलू नये म्हणून कापडावर वरवंटा, तवा, तुरीच्या डाळीचा डबा, पितळी समई असं जे जड मिळालं ते ठेवलेलं. घामानं आम्ही निथळत होतो, पण घाम कापडावर पडू नये म्हणून कोणी मान पुढे करत नव्हतं.

तेवढ्यात रजनीचे मिस्टर तिला बोलवायला आले. दार उघडून बघतात तर हे दृश्य. ते दारातच थांबले, चप्पल काढली आणि हळू आवाजात विचारलं, "पूजा आहे का?"

"हो," कुसुमताई मान न उचलता म्हणाल्या. "दार लावा अन् बोलू नका."

ते हात जोडून निघून गेले.

आम्ही हसून हसून लोळलो. वनिताही हसली. पण तिच्या पूर्ण बाह्या पाण्यातून काढल्यासारख्या भिजल्या होत्या, आणि हसता हसता ती एकदम भिंतीला टेकून बसली. तिला गरगरत होतं. मी पाणी आणलं, रजनीनं कूलर सुरू केला. कागद उडाले तर उडाले.

"बाह्या वर कर वं," मी म्हटलं. "इथं कोण आहे परकं?"

तिनं केल्या नाहीत. म्हणाली, "सवय नाही राहिली. अन् आता तर शीतलचं पाहून राहिले. एकदा तिचं जमू दे."

शीतल बुटीबोरीला एका कापड कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, हुशार पोरगी. आधी एक स्थळ आलं होतं, पत्रिका, नोकरी, सगळं जमलं होतं. वनिता चहा देत असताना तिची बाही जरा वर सरकली. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा निरोप आला की मुलीच्या आईला कोड आहे, पुढे पोरांत उतरेल. पोरीचं लग्न आपल्या हातांमुळे मोडलं, हे वनिताच्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच. मोडलं ते त्या लोकांच्या अकलेमुळे, असं मी तिला ऑफिसात जेवणाच्या सुटीत रोज सांगायचे. ती डबा उघडून "भाजी घे" म्हणायची.

*

मधला किस्सा रजनीचा. तिचे मिस्टर, तेच पूजावाले, बँकेत आहेत. स्वभावानं चांगले, पण एकच पालुपद होतं. रजनी कात्री घेऊन बसली की म्हणायचे, "कायले एवढी मेहनत? ऑनलाइन याच्याहून स्वस्त मिळते."

रजनीनं गांधीबागेच्या कापडबाजारातून छापील कापड आणलं, निळ्यावर पांढरी फुलं, थानातला शेवटचा तुकडा. नीट बेतून कापलं. आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या! दुसरी बाही कापताना कागद उलटा ठेवायचा असतो, तो तिनं ठेवलाच नाही. बाहीचा पुढचा गोल वेगळा, मागचा वेगळा. छापील कापड फिरवावं तर उलटी बाजू वर येते. कापड संपलेलं.

ती रडायला लागली. "हे म्हणतेच, ऑनलाइन घे."

मला ते वाक्य सहन होत नाही. मी माझ्या कात्रणांतून पिवळं कापड काढलं, लाल ठिपक्यांचं, आणि उजवी बाही कापून तिच्या मांडीवर टाकली. "घे. एक निळी, एक पिवळी. कोणी विचारलं तर म्हण, असंच असते."

"असं कुठं असते?"

"आता आपल्या गल्लीत असते."

तेच घालून ती बँकेच्या कार्यक्रमाला गेली. मॅनेजरच्या बायकोनं तिला थांबवलं, बाही हातात धरून बघितली आणि कुठून घेतलं म्हणून विचारलं. रजनी तोंड उघडणार त्याआधी मिस्टरांनी छाती फुगवून सांगितलं, "ही घरीच शिवते. डिझाइन पण हिचंच."

येताना स्कूटरवर रजनी मागून म्हणाली, "ऑनलाइन मिळते म्हणून सांगायचं होतं ना तिले."

ते पालुपद त्या दिवसापासून बंद आहे.

*

पावसाळा गेला, दिवाळी गेली. शीतलनं कारखान्यातल्या सेकंड्सच्या, म्हणजे खोट निघालेल्या मालाच्या विक्रीतून आईसाठी कापड आणलं. फिकट हिरवं, बोट घातलं तर बोट दिसेल एवढं पातळ, आणि कुठे दोष होता ते आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही. वनितानं ते जमिनीवर पसरलं. मी पॅटर्नचे तुकडे एकेक करून तिच्या हातात देत होते. पुढचा भाग, पाठ, पट्टी. बाही दिली तशी तिनं ती परत केली.

"हे ठेवून दे."

आम्ही तिघी एकमेकींकडे बघतोय. ती कात्री चालवत होती. "घरातच घालीन," म्हणाली. "तुम्ही अशा काय पाहून राहिल्या?"

बिनबाहीचं करायचं तर नुसती बाही गाळून भागत नाही. मुंढा, म्हणजे बाहीचं भोक, वर घ्यावा लागतो, खांदा थोडा आत घ्यावा लागतो, नाहीतर बाजूनं सगळं दिसतं. ते अंगावरच ठरवावं लागतं. म्हणजे वनिताला कच्चं शिवलेलं ब्लाउज घालून, हात उघडे टाकून आमच्यासमोर उभं राहायचं होतं.

ती आतल्या खोलीतून आली. हात छातीशी बांधलेले. मी तोंडात टाचण्या धरून तिच्या खांद्याला हात लावला, तशी ती मागे सरकली.

"माह्यापासून तुले नाही होणार हे. माहीत आहे ना?"

मला बोलता येत नव्हतं. कुसुमताई सोफ्यावरून म्हणाल्या, "वनिता, तिच्या तोंडात टाचण्या आहेत. फालतू प्रश्न विचारशील तर ती गिळेल."

वनितानं हात सोडले. मी दोन्ही मुंढे टाचले. तिचे हात मी पहिल्यांदा नीट पाहिले, आणि खरं सांगते, पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं. हात होते. पण शेजारी असूनसुद्धा एवढी वर्षं कोणी तिला हाताला धरून टाचण्या लावल्या नव्हत्या, याचा मला राग आला. त्या रागात मी मुंढ्याला उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या पट्टीची अशी बारीक, सरळ टीप मारली की तशी मला पुन्हा जमली नाही.

ब्लाउज झकास झालं. आणि पुढचे दोन महिने वनितानं ते नवऱ्याच्या शर्टाखाली घातलं. वरून शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली! कुसुमताई म्हणाल्या, "हे म्हणजे उत्तर बरोबर काढून पेपर कोराच देणं झालं."

*

एप्रिलमध्ये उमरेडचं स्थळ आलं. मुलगा खाणीच्या ऑफिसात, शीतलच्या ओळखीतला, दोघांचं आपसात बोलणं झालेलं. आता घरच्यांनी बघायचं होतं. वनिताचे मोठे दीर दोन दिवस आधीच येऊन बसले. माणूस वाईट नाही. मागचं मोडलेलं स्थळही त्यांनीच आणलं होतं आणि तो निरोपही त्यांनाच ऐकावा लागला होता. ते वनिताला म्हणाले, "पोरीचं जमू दे. मग घाल तुले काय घालायचं ते. त्या दिवशी पूर्ण बाही."

शीतल तिथंच उभी होती. "मोठे पप्पा, अन् लग्न झाल्यावर? मम्मी माह्या घरी येईल तेव्हा आयुष्यभर पूर्ण बाही घालून येईल का?"

"तू चूप राहा."

"मी ज्याच्याशी बोलली त्याले माहीत आहे. त्याच्या घरच्यांले मम्मीनंच दाखवावं."

वनिता दोघांच्या मधे. दिरांचं ऐकावं तर पोरगी बोलत नाही, पोरीचं ऐकावं तर पुन्हा तेच व्हायची भीती. ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, बिनबाहीचं घाल आणि छाती पुढे काढून बस. कुसुमताईंनीही तेच सांगितलं. सांगायला आमचं काय जात होतं?

रजनीला मात्र कुणाचंच मन मोडवत नाही. तिनं गुपचूप ते हिरवं ब्लाउज घरी नेलं आणि उरलेल्या कापडाच्या दोन पूर्ण बाह्या शिवल्या. मुंढ्याच्या आतून टिचबटणं लावली, म्हणजे बाही लावायची तर दाबून लावा, काढायची तर ओढून काढा. ब्लाउज परत आणून दिलं तेव्हा तिचा चेहरा एवढा फुललेला होता की मला रागावताही येईना.

"भाऊजी म्हणतील तेव्हा लावायची," ती म्हणाली. "शीतल म्हणेल तेव्हा काढायची."

कुसुमताईंनी बाही दाबून पाहिली, ओढून पाहिली. "रजनी, ही तडजोड नाही, हा तंबू आहे." पण वनिताला ती युक्ती आवडली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती सुटल्यासारखी दिसली, म्हणून आम्ही गप्प बसलो.

*

पाहुणे आले ते भर दुपारी. मुलगा, त्याचे आईवडील आणि आत्या. जय भीम झालं, पाणी झालं. मोठे दीर मधल्या खुर्चीवर बसून उन्हावर बोलत होते, वनिताचे मिस्टर बाजूला बसून मान हलवत होते. आम्ही तिघी मदतीला म्हणून स्वयंपाकघरात. वनितानं साडीवर ते हिरवं ब्लाउज घातलं होतं, रजनीच्या बाह्यांसकट. शीतल सकाळपासून आईशी एक शब्द बोलली नव्हती.

वनिता पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेली. आम्ही पडद्याआडून बघतोय. आधी आत्यांना द्यायचं म्हणून ती वाकली, हात लांब केला, आणि टिच्च असा आवाज झाला.

मग दुसरा. उजवी बाही खांद्यावरून सुटली आणि सरकत सरकत खाली बांगड्यांवर जाऊन बसली. पातळच कापड, त्याला धरायला काही नव्हतं.

रजनीनं माझा दंड आवळला. "बटणं लहान पडली वं."

हॉलमध्ये सगळे त्या हाताकडे बघत होते. मोठे दीर एकदम उभे राहिले. "हा कूलर काहून हवा नाही फेकून राहिला? शीतल, पाणी टाक बरं."

कूलर चांगला चालू होता. वनितानं ट्रे टीपॉयवर ठेवला. बांगड्यांवरची बाही काढली. मग डावा खांदा धरून दुसरी बाही ओढली. टिच, टिच, टिच. दोन्ही बाह्या एकावर एक ठेवल्या, घडी घातली, शेवेच्या वाटीशेजारी ठेवल्या आणि आत्यांच्या हातात बशी दिली.

"कोड आहे," ती म्हणाली. "शीतल झाल्यावर आलं. पोहे गार होऊन राहिले, घ्या."

मोठे दीर म्हणाले, "औषध चालू आहे, डॉक्टर म्हणते की..."

"भाऊजी, औषध मी कधीचंच बंद केलं."

आत्यांनी बशी हातात तशीच धरली होती. "आमच्यात असं काही असलं तर आधी सांगतात."

"म्हणून तर सांगून राहिली."

शीतल आतून, कोणी न बोलावता, बाहेर आली आणि आईला चिकटून उभी राहिली. तिनं आईच्या उघड्या हातात आपला हात घातला. मुलानं दोघींकडे पाहिलं, पोह्यांचा एक घास घेतला आणि विचारलं, "काकू, थोडं लिंबू मिळेल का?"

लिंबू कापायला मी वळले, तर मुलाची आई पडदा सारून आत आली. सगळ्या वेळात त्या बाईनं बशीला हात लावला नव्हता. ठेंगणी, पन्नाशीची, साडीवर मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज, तेही घामानं अंगाला चिकटलेलं. रजनीला वाटलं, हे लोक निघाले. ती म्हणाली, "चहा तरी घेऊन जा."

बाईनं ते ऐकलंच नाही. "ते यांनी घातलेलं," ती म्हणाली, "कोणी शिवलं?"

"तिनंच," मी म्हटलं. "आम्ही चौघी शिवतो."

"मले शिवून द्याल?"

"शिवून नाही देत," कुसुमताई म्हणाल्या. "शिकवतो. रविवारी यावं लागते."

"उमरेडहून बस असते रविवारी."

हॉलमधून आत्यांचा आवाज आला, "वहिनी, येता का?" बाई हलली नाही. म्हणाली, "किती कापड आणू ते सांगून ठेवा. माप घेऊन घ्या आताच."

टेप माझ्या पर्समध्ये असतोच. मी तिथंच ओट्याजवळ माप घेतलं. छाती, खांदा, उंची. वनिता रिकामा ट्रे घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. मी टेप खांद्यावर धरून मनगटाकडे न्यायला लागले, तशी बाईनं माझा हात धरला.

"बाहीचं नका घेऊ," ती म्हणाली.